कंपनीचा कूलर की पत्र्याचा? दुसऱ्या उन्हाळ्यानंतरचा रिव्ह्यू, सोलापूरहून

मार्च लागला की आमच्या सोलापुरात घराघरात एकच विषय, यंदा कूलर कुठला घ्यायचा. आणि ऑनलाइन रिव्ह्यू बघायला जावं तर बहुतेकांनी बॉक्स फोडल्या फोडल्या पाच स्टार देऊन टाकलेले असतात, लुक भारी, हवा गारेगार, डिलिव्हरी वेळेत. आता नवा कूलर गार हवा देणारच की ओ, पॅड कोरं आहे, पंप नवा आहे, टाकीत अजून शेवाळ धरलेलं नाही. कूलरचा खरा हिशोब दुसऱ्या उन्हाळ्यात कळतो, माळ्यावरून खाली उतरवून धूळ झटकून परत सुरू करताना. म्हणून मी मुद्दाम थांबलो आणि आत्ता लिहितोय.

आमच्या घरात दोन कूलर आहेत. हॉलमध्ये एका मोठ्या कंपनीचा प्लास्टिकचा, आणि आईच्या खोलीत अक्कलकोट रोडकडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेला पत्र्याचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, एक तर दुकानात शेजारी मांडलेली बाकीची मॉडेलं पण साधारण त्याच साच्यातली वाटली आणि मला कोणाशी भांडण काढायचं नाहीये. खाली ज्या कंपन्यांची नावं येतील त्यातली कुठलीच ती नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर लोक अंदाज लावत बसतात.

सोलापुरात कूलर चालतो का असं पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात. चालतो, झकास चालतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो पण हवा कोरडी ठणठणीत असते. कूलर म्हणजे दुसरं काय, पाण्याची वाफ करायची आणि ती होताना हवेतली उष्णता खर्ची पडते, एका लिटरमागं साधारण २४०० किलोज्युल. ४२ डिग्री आणि २० टक्के आर्द्रता असली तर चांगल्या पॅडचा कूलर हवा २७-२८ डिग्रीपर्यंत खाली आणू शकतो. तोच कूलर जुलैत ३२ डिग्री आणि ७० टक्के आर्द्रतेत लावा, जेमतेम तीन-चार डिग्रीचा फरक पडेल आणि वर अंग चिकट होईल. मुंबईत कूलर "काही कामाचा नाही" तो याच्यामुळं, त्यात कूलरचा दोष नाही. विजेचं म्हणाल तर घरगुती कूलर १५०-२०० वॉटमध्ये भागवतो आणि दीड टनाचा एसी दीड हजाराच्या आसपास खातो. आता यातलं तंत्र बघितलं तर पंखा, पंप, पॅड आणि पाणी, संपलं. त्यात नवीन शोध लावायला फार जागा उरलेली नाही. कंपनीला काही नवं करायचंच असेल तर या चार गोष्टी घरातल्या माणसाच्या हाताला कशा येतात तिथंच करायला लागतं, आणि माझा सगळा रिव्ह्यू त्याच्यावरच आहे.

पहिला उन्हाळा. कंपनीच्या कूलरबद्दल तेव्हा लिहिलं असतं तर मीही पाच स्टारच दिले असते. बारा हजारांच्या आसपास पडला. दिसायला देखणा, हॉलमध्ये सोफ्याशेजारी ठेवला तर लाज वाटत नाही. आवाज कमी, टीव्हीचा आवाज वाढवायला लागत नाही. प्लास्टिकची बॉडी त्यामुळं ओल्या हातानं चुकून धक्का लागला तरी शॉकची भीती कमी, आणि ही गोष्ट मी खूप मोठी मानतो, पत्र्याच्या कूलरच्या शॉकनं माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. रिमोट आहे, टायमर आहे, फिरणाऱ्या पट्ट्या आहेत, निळा लाइट आहे. त्या निळ्या लाइटचा उपयोग मला अजून समजलेला नाही पण असो, पोरांना आवडतो.

आणि खरं सांगायचं तर कूलरला असं देखणं रूप देणं हेच एकेकाळी केवढं मोठं काम होतं. सिम्फनी ही अहमदाबादची कंपनी १९८८ मध्ये सुरू झाली ती याच्यावरच. सुरू करणारे अचल बकेरी हे शिक्षणानं आर्किटेक्ट. त्या वेळी कूलर म्हणजे खिडकीला टांगलेला पत्र्याचा खोका, घरघर करणारा, गंजलेला, पाहुणे आले की ज्याच्याकडं बघू नये असं वाटायचं. त्यांनी तोच पंखा, तोच पंप, तेच ओलं पॅड सुबक प्लास्टिकच्या बॉडीत बसवून घरात आणलं. विज्ञान तेच होतं. पण घरात ठेवायची वस्तू म्हणून कूलरकडं बघायची नजर बदलली आणि त्यातून अख्खा धंदा उभा राहिला. पुढं याच कंपनीनं वॉशिंग मशीन, गीझर, काय काय करून बघितलं, तोट्यात गेली, २००० नंतरच्या काळात आजारी कंपन्यांच्या यादीत जायची वेळ आली, मग सगळं सोडून परत फक्त कूलर धरला तेव्हा सावरली. मला यातलं हे आवडतं की वाचवलं ते पुन्हा एकाच वस्तूत खोल शिरण्यानं, फाटे फोडण्यानं नाही.

आता आमच्या हॉलमधल्या कूलरकडं.

पाणी. सोलापूरला महापालिकेचं पाणी वर्षानुवर्षं काही दिवसांआड येतंय, उजनी धरण भरलेलं असलं तरी नळाची वेळ काही बदलत नाही हे इथं नवीन सांगायला नको. म्हणजे घरात पाणी असतं ते टाकीत, बॅरलमध्ये, हंड्यात. कूलरमध्ये पाणी घालायचं म्हणजे बादलीनं. आणि कंपनीच्या कूलरला पाणी घालायचं तोंड कुठं आहे? मागच्या बाजूला, खाली, एक छोटं झाकण, उघडलं की हाताच्या पंजाएवढं तिरकं भोक. तिथं नळी लावायची सोय दिली आहे. चोवीस तास नळाला पाणी असणाऱ्या घरात एकदम छान सोय. आमच्याकडं बादली त्या भोकापाशी नेली की बादलीचा काठच आत जात नाही, अर्धं पाणी फरशीवर. त्यात कूलर खिडकीला पाठ लावून ठेवायचा असं मॅन्युअलमध्येच लिहिलंय, बाहेरची कोरडी हवा मिळावी म्हणून, आणि ते बरोबरच आहे. म्हणजे पाणी घालायला आधी कूलर पुढं ओढायचा. चाकं आहेत ना खाली? आहेत, इवलीशी. शोरूमच्या गुळगुळीत टाइल्सवर ती लोण्यासारखी फिरतात. आमच्याकडं शहाबादी फरशी, तिच्या सांध्यात चाक अडकलं की भरलेला कूलर डुचमळतो आणि पुढच्या जाळीतून पाणी बाहेर.

आई काय करते सांगतो. ती बादली खाली ठेवते, स्टूल घेऊन बसते, आणि तांब्यानं एक एक करून त्या भोकात पाणी ओतते, डाव्या हातानं झाकण वर धरून, कारण झाकणाची स्प्रिंग अशी आहे की सोडलं की बंद होतं. धूळ आत जाऊ नये म्हणून ती स्प्रिंग दिली असणार, कुणीतरी विचार करूनच दिली असणार. फक्त त्या विचारात बादली, तांब्या आणि साठीच्या पुढची बाई नव्हती. उन्हाच्या दिवसात टाकी सकाळी भरली तर संध्याकाळपर्यंत तळाला जाते, म्हणजे हे रोज. मी एकदा म्हणलो आई मी भरतो संध्याकाळी, तर म्हणाली, "तू येईपर्यंत दुपार कोण काढणार, तू?" बरोबरच आहे.

वीज. लाइट जाते-येते हे पण गृहीत धरा. कंपनीच्या कूलरला टच पॅनल आहे. लाइट गेली आणि आली की कूलर बंदच राहतो, आपण उठून किंवा रिमोट शोधून परत चालू करायचा. रात्री दोनला लाइट दहा मिनिटं जाऊन आली तर पंखा लागतो, फ्रिज सुरू होतो, कूलर मात्र गप्प, आणि अर्ध्या तासानं सगळं घर घामानं जागं. रिमोट अर्थात उशीखाली नाहीतर सोफ्याच्या फटीत. पत्र्याच्या कूलरला साधं बटण आहे, खटका. लाइट आली की तो आपला आपण सुरू. आता कुणी म्हणेल शेवटची सेटिंग लक्षात ठेवायची सोय वरच्या मॉडेलला असते. असेल. पण मग ती वरच्या मॉडेलला आणि निळा लाइट खालच्या मॉडेलला, हे ठरवलं कुणी?

आणि मग आला दुसरा उन्हाळा. नळाचं पाणी पुरत नाही म्हणून आमच्या भागात बोअरचं पाणी कूलरला जातं, आणि बोअरचं पाणी म्हणजे क्षार. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतो, पांढरा थर धरतो. कंपनीच्या कूलरमध्ये हनीकोम्ब पॅड आहे, कागदासारख्या नागमोडी पापुद्र्यांचं, मधमाशीच्या पोळ्यासारखं दिसणारं. वस्तू म्हणून ते पॅड अप्रतिम आहे. ही नागमोडी पॅडची कल्पना ज्यांच्या कंपनीनं जगभर नेली ते स्वीडनचे कार्ल मुंटर्स, त्यांनी विद्यार्थी असताना १९२२ मध्ये फॉन प्लाटेन नावाच्या मित्राबरोबर बिनमोटरचा फ्रिज पण शोधला होता, म्हणजे माणूस आयुष्यभर गारव्याच्याच मागं होता. कमी जागेत जास्त ओला पृष्ठभाग, हवेला अडथळा कमी, गवतासारखं खाली बसत नाही. पण त्या बारीक नळ्या क्षारानं भरल्या की संपलं. आमच्या पॅडच्या वरच्या भागात दुसऱ्या एप्रिलपर्यंत चुन्यासारखा थर. व्हिनेगर लावून बघितलं, ब्रश मारून बघितला, पापुद्रे सुटायला लागले. नवीन पॅड घ्यायला गेलो तर या मॉडेलचं माप वेगळं आहे. त्याच कंपनीच्या आदल्या वर्षीच्या मॉडेलचं पॅड दोन सेंटीमीटरनं मोठं, बसत नाही. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर ऑर्डर करावं लागेल, आलं की कळवतो. कळवलं, पण तोपर्यंत वळवाचा पाऊस पडून गेला होता.

जो टेक्निशियन पोरगा घरी आला होता तो चांगला होता, त्याच्यावर काही रोष नाही. त्यानं मागची जाळी काढायला सुरुवात केली, एक स्क्रू, दुसरा, तिसरा, मोजायचं सोडून दिलं मी. मधले दोन स्क्रू असे आत की त्याला लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर आणायला गाडीकडं जावं लागलं. मी विचारलं हे असं का केलंय, तर हसला, "सर आम्हाला विचारून थोडंच करतेत." आता या वाक्यावर कुठल्याही कंपनीच्या डिझाइनवाल्यांनी काम थांबवून विचार करावा. वर्षभर शेकडो घरात जाऊन तीच ती जाळी उघडणारा माणूस तुमच्याच पगारावर आहे, त्याला माहीत आहे कुठला स्क्रू गंजतो, पंप कुठल्या कोपऱ्यात चोंदतो, बायका काय शिव्या घालतात, आणि ती माहिती वर जायचा रस्ताच नाही. त्याच्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये फक्त दोन खाने, तक्रार मिटली, तक्रार बाकी.

पाणी काढून टाकायचं बूच. याच्याबद्दल कुणीच लिहीत नाही म्हणून मी लिहितो. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत असतं. कंपनीच्या कूलरचं बूच तळाशी आहे, पण टाकीचा तळ सपाट, त्यामुळं बूच काढल्यावर पण दोन बोटं पाणी आत राहतंच. आणि बूच फरशीपासून इतकं खाली की खाली ताट सुद्धा सरकत नाही, म्हणजे पाणी थेट फरशीवर. हॉलमध्ये. टाकीच्या तळाला थोडासा उतार आणि बूच फरशीपासून चार बोटं वर, एवढंच पाहिजे होतं. साचा बनवतानाच हे केलं असतं तर कंपनीला फार काही जास्त लागलं नसतं, साचा तयार झाल्यावर मात्र बदलायचा म्हणजे लाखांचं काम. म्हणूनच या गोष्टी सुरुवातीला, कागदावर असतानाच, कुणीतरी पाणी भरून आणि काढून बघायला पाहिजेत.

आता पत्र्याचा. वर्कशॉप म्हणजे एक शेड, बाहेर पत्र्याच्या शीट, आत वेल्डिंग, कटर, एका बाजूला पंख्यांचे ढीग. मिस्त्री पन्नाशीतले, घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. शोरूममध्ये मला पहिला प्रश्न विचारला होता, "सर बजेट किती?" या माणसानं विचारलं, "पाणी कोण भरतंय ओ घरात?" मी म्हणलो आई. मग, "उंची किती मावशींची? नळाचं घालताव का बोअरचं? खिडकीला गज आडवे का उभे?" खिडकीचं माप घेऊन या म्हणाला, मोबाइलवर फोटो पण काढून आणा. मला वाटलं फक्त कूलर घ्यायला आलोय, हे काय स्थळ बघितल्यासारखं चाललंय.

पण कूलर आला तेव्हा एक एक कळत गेलं. पाणी घालायचं तोंड बाजूला, आईच्या कमरेच्या उंचीला, पसरट, गुळाच्या ढेपेएवढं रुंद. बादली टेकवायची आणि वाकडी करायची, झालं. आतल्या बाजूनं पाण्याची पातळी दिसावी म्हणून पारदर्शक नळीचा तुकडा. खालचा ट्रे पत्र्याचा नाही तर फायबरचा, कारण गंज तिथंच आधी लागतो. पंप उघड्यावर, एका क्लिपवर, हातानं उचलला की निघतो. पॅडच्या तिन्ही जाळ्या कडीवर, स्क्रू नाही, कडी वर केली की दारासारखी उघडते. आत हनीकोम्ब नाही, लाकडाचं साधं गवत. मी विचारलं हनीकोम्ब का नाही, गार जास्त करतंय ना, तर म्हणाला, "करतंय की. पण तुमच्या बोअरच्या पाण्यात दोन वर्षं पण टिकत नाही. गवत दर वर्षी बदला, मधल्या मारुतीपाशी मार्चमध्ये कुठंबी मिळतंय." आणि बुचाच्या जागी तोटी, तळाला उतार, तोटीला नळी लावली की पाणी थेट बाहेर तुळशीच्या कुंडीत. आणखी एक बारीक गोष्ट, पंपाच्या नळीला त्यानं एक छोटा फाटा काढलाय ज्यातून सतत थेंब थेंब पाणी बाहेर जातं. मला वाटलं गळतंय. तर ते मुद्दाम आहे, क्षार साचलेलं पाणी थोडं थोडं बाहेर पडत राहावं म्हणून. मोठ्या प्लांटमध्ये हेच करतात. कुठं शिकलात विचारलं तर वडील गिरणीत होते म्हणाला, हवेत पाणी सोडायच्या खात्यात.

हे ऐकून मला जरा चमकल्यासारखं झालं. सुती सूत कोरड्या हवेत तटातट तुटतं, म्हणून गिरणीत हवा ओली आणि गार ठेवायला लागते. १८७७ ची आपली जुनी गिरणी म्हणा किंवा पूर्व भागातले यंत्रमाग म्हणा, या शहराला सुतासाठी हवा ओली करायची विद्या किती जुनी आहे. ती माणसांसाठी वापरायला एक पत्र्याचा खोका पुरला.

या मिस्त्रीच्या शेडच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं असतं, गेल्या वर्षी कुणी काय तक्रार आणली. "कडी सैल", "बाजूचं तोंड डाव्या हाताला पाहिजे", "मांजर आत जातंय". यंदाच्या मॉडेलमध्ये त्यातलं काय काय बदललंय ते तो बोट ठेवून दाखवतो. मोठ्या कंपन्या यालाच बहुतेक वापरकर्त्यांचा अभ्यास वगैरे म्हणत असतील.

पण थांबा, मी पत्र्याच्या कूलरची आरती ओवाळत नाहीये. आवाज. पहिल्या रात्री आई म्हणाली गिरणीचा भोंगा बरा. नंतर त्यानं पंख्याखाली रबर घातलं, थोडा कमी झाला, तरी हॉलमध्ये ठेवायची हिंमत नाही. वजन एवढं की दोघांशिवाय हलत नाही, घरात एकटी बाई असेल तर जिथं ठेवला तिथंच. कडेचा पत्रा एका ठिकाणी धारदार होता, माझं बोट कापलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अर्थिंग. मिस्त्रीनं तीन पिनची वायर दिली, बॉडीला अर्थिंग जोडून दिलं, पण आमच्या त्या खोलीच्या बोर्डात अर्थिंगच नव्हतं, ते इलेक्ट्रिशियन बोलवून वेगळं करून घ्यायला लागलं. किती लोक करतात हे? तो कूलर देताना तोंडानं सांगतो, "अर्थिंग बघून घ्या मालक", पण तोंडानं सांगणं म्हणजे सोय नव्हे. कंपनीच्या प्लास्टिक बॉडीनं हा प्रश्न मुळातून बराच हलका केलाय आणि त्याबद्दल कंपनीला पूर्ण मार्क. लहान पोरं असणाऱ्या घरात मी आजही पत्र्याचा घ्या म्हणणार नाही.

घराला काय पाहिजे ते घरात बघूनच कळतं याचं एक जुनं उदाहरण सगळ्यांच्या घरात आहे, सुमीत मिक्सर. १९६३ च्या सुमारास माथुर नावाच्या इंजिनिअरच्या घरी जर्मनीचा ब्राउनचा मिक्सर होता, इडली-डोशाचं आणि वाटणाचं काम पडल्यावर जळाला. तो मिक्सर वाईट नव्हता, तो तिकडच्या स्वयंपाकासाठी केला होता, आपलं ओलं घट्ट वाटण त्याच्या हिशोबात नव्हतं. माथुरांनी मग त्या कामाला पुरेल अशी दमदार मोटर घेऊन मिक्सर बनवला आणि पुढची कित्येक वर्षं लग्नात आहेर म्हणून सुमीतच.

पण लोकांना विचारलं की झालं, असंही नाही. आपल्या शेजारच्या धाराशिवचीच गोष्ट आहे. गोदरेजला गावाकडच्या, छोट्या घरातल्या लोकांसाठी स्वस्त फ्रिज बनवायचा होता, छोटूकूल. कॉम्प्रेसर नाही, इलेक्ट्रॉनिक चिपनं गार होणारा, ४३ लिटरचा, वरून उघडणारा म्हणजे गार हवा सांडत नाही, उचलून नेता येईल इतका हलका, बॅटरीवर पण चालणारा. २००८ मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, शेकडो बायकांना बोलवून त्यांना तो दाखवला, त्यांचं म्हणणं घेतलं. केवढी चांगली पद्धत. किंमत साडेतीन हजारांच्या आत-बाहेर. तरी गावाकडं तो चालला नाही, पुढं कंपनीनं तो शहरातल्या लोकांसाठी, गाडीत, छोट्या दुकानात ठेवायला म्हणून विकायला काढला. मला याचं कारण साधं वाटतं. त्यात बर्फ होत नव्हता, आणि थोडे पैसे साठवून माणूस घरात आणतो तो फ्रिज, अर्धा फ्रिज नाही. शेजारीण काय म्हणेल हा पण वापराचाच भाग आहे. एका दुपारी मांडवात बसवून "आवडला का" विचारलं तर बायका होच म्हणतील, समोरचा एवढ्या लांबून आलाय. वर्षभरानं त्यांच्या घरी जाऊन बघितलं तर उत्तर वेगळं निघतं. तरी गोदरेजला मी नावं ठेवणार नाही, निदान त्यांनी जाऊन विचारलं, आणि चुकलं तेव्हा वस्तू गुंडाळून न टाकता दुसरीकडं वळवली.

माझ्या हॉलमधल्या कूलरची अडचण ही आहे की त्याचं डिझाइन शोरूममध्ये सुरू होतं आणि शोरूममध्येच संपतं. त्यात आपला पण हात आहे. दुकानदाराला मी विचारलं की बुचाबद्दल कधी कुणी विचारतं का, म्हणाला कुणीच नाही, "गिऱ्हाईक रिमोट बघतंय, लाइट बघतंय, टाकी किती लिटरची ते विचारतंय, आणि मग कॅशबॅक." मग कंपनी पण तेच देणार. बॉक्सवर टाकीचे लिटर मोठ्या अक्षरात, पॅडचं माप कुठंच नाही. माझं एवढंच म्हणणं की पुढच्या मॉडेलवर काम करणाऱ्यांनी एप्रिलमध्ये आठवडाभर सोलापुरात, लातुरात, कलबुर्गीत कुणाच्या तरी घरी राहावं, बादलीनं पाणी भरावं, लाइट गेल्यावर उठावं, आणि निघायच्या दिवशी जाळी उघडून पॅड धुवावं. हॉटेलात नाही, घरी. जेवायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी आमच्याकडून.

आता मार्क. कंपनीचा प्लास्टिक कूलर, पाचपैकी पहिल्या उन्हाळ्यात साडेचार, दुसऱ्यात अडीच. आवाज, दिसणं आणि शॉकची भीती नसणं यासाठी अडीच, बाकी सगळं पाणी भरण्यात, जाळी उघडण्यात आणि पॅडच्या मागं धावण्यात गेलं. नळाला भरपूर पाणी, टाइल्सची फरशी आणि घरात लहान पोरं असतील तर बिनधास्त घ्या, पण घ्यायच्या आधी दुकानातच मागची जाळी उघडून दाखवा म्हणा, आणि पॅड सुटं मिळतं का ते बिलावर लिहून घ्या. विकणारा कुरकुर करतो, करू द्या.

पत्र्याचा कूलर चार. एक मार्क आवाजाचा आणि धारदार पत्र्याचा कापला. साडेसात हजारांत झाला, अर्थिंगचा खर्च वेगळा. वर्कशॉपवाला फोनवर ऑर्डर घेत नाही, बिल मागितलं तर साध्या कागदावर देतो, आणि उन्हाळ्यात गेलात तर पंधरा दिवस थांबायला लावतो. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपली की फेब्रुवारीतच जाऊन या, खिडकीचं माप आणि बोर्डाचा फोटो घेऊन, आणि शक्यतो घरात जी पाणी भरते तिला बरोबर घेऊन जा, कारण तो सगळे प्रश्न तिलाच विचारतो.